पन्नास लाख की सोळा लाख? आंबा कॅनिंगच्या कर्जातलं राखीव रकमेचं कलम

पार्श्वभूमी

देवगड आणि राजापूरच्या मधल्या पट्ट्यात एक कुटुंब पुष्कळ वर्षं आंब्याचा रस डबाबंद करतं. दोन भाऊ आणि धाकट्याची पत्नी अशी तिघांची भागीदारी. थोरले दादा बागायतदार आणि आंब्याची खरेदी सांभाळतात, धाकटे यंत्रं आणि माल, हिशेब वहिनींकडे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा सोयीच्या केल्या आहेत. घटनांचा क्रम आणि कराराचा आशय मात्र घडला तसाच आहे.

जून २०२४ मध्ये या संस्थेने नवा पल्पर (आंब्याचा रस काढणारं यंत्र), बॉयलर आणि डबे भरण्याची नवी लाइन घेण्यासाठी २ कोटी ४० लाखांचं मुदत कर्ज घेतलं. व्याज साडेदहा टक्के, ते दरमहा भरायचं. मुद्दल २४ तिमाही हप्त्यांत, प्रत्येकी १० लाख, पहिला हप्ता ३१ डिसेंबर २०२४ ला. जोडीला त्याच बँकेची दीड कोटींची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) मर्यादा आधीपासून होती.

या धंद्यात पैसा कधी येतो आणि कधी जातो, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. रिकामे डबे मार्चमध्ये आगाऊ पैसे देऊन उचलावे लागतात. कॅनिंगचा आंबा मेमध्ये येतो आणि बागायतदाराला आठवड्याभरात रोख द्यावी लागते. उशीर झाला तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्याच्या दारात गाडी लावतो. मजुरी, इंधन, साखर, भाडं, सगळं त्याच सहा आठवड्यांत. विक्री मात्र वर्षभर. निर्यातदार दसऱ्याच्या आधी माल नेतात, आम्रखंड आणि आइस्क्रीमवाले जानेवारीनंतर. त्यामुळे जूनअखेर गोदाम डब्यांनी भरलेलं आणि खातं रिकामं असतं. मार्चअखेर नेमकं उलट.

कोकणात हे फक्त आंब्याचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणजे बर्फाच्या कारखान्यालाही गिऱ्हाईक नाही. मालवण-तारकर्लीच्या होड्या आणि जलक्रीडा पावसाळाभर बंद. इथल्या बहुतेक धंद्यांचा जून सारखाच.

करारात काय लिहिलं होतं

मंजुरीपत्रात या विषयावर एकच ओळ होती: दोन तिमाहींच्या परतफेडीइतकी रक्कम राखीव खात्यात ठेवावी. बँकेच्या भाषेत याला डीएसआरए म्हणतात. हप्त्याच्या दिवशी धंद्यात पैसा कमी पडला तर कर्ज थकू नये, यासाठी बाजूला काढून ठेवलेली रोख. ही पद्धत मूळची मोठ्या प्रकल्पांची: टोल रस्ते, वीजनिर्मिती. तिथे प्रकल्पाशिवाय कर्जफेडीचं दुसरं साधन नसतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांची राखीव रक्कम मागतात. टोलवर मात्र रोज पैसा जमा होतो. तोच मसुदा बँकेच्या छापील करारातून लहान कारखान्यापर्यंत येतो तेव्हा बाराही महिने सारखे हे गृहीतकही त्याच्याबरोबर येतं.

एका ओळीचा खरा अर्थ मुख्य करारात तीन ठिकाणी विखुरलेला होता.

व्याख्यांच्या कलमात 'आवश्यक राखीव रक्कम' म्हणजे तपासणीच्या दिवसानंतरच्या दोन तिमाहींचं मुद्दल आणि व्याज. तपासणी दर तिमाहीच्या शेवटच्या दिवशी. निम्मी रक्कम कर्ज उचलतानाच भरायची, उरलेली पहिल्या हप्त्यापासून सहा महिन्यांत. ३१ डिसेंबरनंतर सहा महिने म्हणजे ३० जून. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. तो कोणी मुद्दाम निवडला नव्हता, पण कॅलेंडर समोर धरून कोणी पाहिलंही नव्हतं.

मागच्या परिशिष्टात कोणती रोख मोजायची ते होतं. फक्त कर्ज देणाऱ्या बँकेतली, संस्थेच्याच नावावरची, याच कर्जासाठी लीन केलेली, म्हणजे बँकेच्या संमतीशिवाय मोडता न येणारी, मुदत ठेव. दुसऱ्या कशासाठी तारण असलेली ठेव मोजायची नाही. सीसीमधली न वापरलेली मर्यादा मोजायची नाही. येणी मोजायची नाहीत, ती सरकारकडून असली तरी. आणि राखीव रक्कम उसन्या पैशातून भरायची नाही. भागीदारांनी स्वतःचे पैसे घातले तर चालतील, मात्र बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ते परत काढता येणार नाहीत.

तिसरी जागा म्हणजे उल्लंघनाचं कलम. रक्कम कमी पडली तर १५ कामकाजाच्या दिवसांत भरून काढायची. नाही भरली तर भागीदारांची उचल बंद, दंडात्मक आकार, आणि पुढे बँकेला वाटलं तर संपूर्ण कर्ज परत मागण्याचा अधिकार. त्याच कलमात आणखी एक वाक्य होतं, ज्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं होतं: तिमाही अनुपालन प्रमाणपत्रात (कराराच्या अटी पाळल्याचं बँकेला द्यायचं पत्र) खोटी माहिती दिली तर तो थेट कसूर, त्याला १५ दिवसांची मुदत नाही.

अडचण

२०२५ चा मे महिना कोकणातले बागायतदार विसरणार नाहीत. विसाव्या तारखेच्या सुमारास वळवाने झोडपायला सुरुवात केली. २४ मेला मान्सून केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस बारा-पंधरा दिवस आधी आला, आणि कॅनिंगचा आंबा नेमका याच दिवसांत उतरतो. या कारखान्याने साडेतीनशे टनांची तयारी केली होती. हाती अडीचशेच्या आसपास आला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी तिमाहीचं अनुपालन प्रमाणपत्र भरायला बसल्या. राखीव रकमेच्या रकान्यात काय लिहायचं, हे विचारायला त्यांनी मला फोन केला. मी या संस्थेचं वार्षिक लेखापरीक्षण बघतो. कर्जाचा प्रस्ताव दुसऱ्या सल्लागाराने केला होता. मी करार मागवून घेतला आणि दोन दिवसांनी कारखान्यावर गेलो.

कुटुंबाच्या हिशेबात रोख भरपूर होती. राखीव ठेव १६ लाख. दुसरी मुदत ठेव ९ लाख, ती मुंबईच्या एका खरेदीदाराने दिलेल्या ३६ लाखांच्या आगाऊ रकमेसाठीच्या बँक गॅरंटीचं मार्जिन, म्हणजे गॅरंटीपोटी बँकेकडे अडकवलेली रक्कम. गावच्या पतसंस्थेत ७ लाख. आंबा कमी घेतल्यामुळे ड्रॉइंग पॉवरमध्ये (तारण साठा पाहून ठरणारी सीसीच्या उचलीची मर्यादा) राहून काढता येण्यासारखे सीसीतले १२ लाख. निर्यातीवरचा जीएसटी परतावा ६ लाख, अर्ज केलेला, यायचा बाकी. बेरीज ५० लाख.

३० जूनचा हप्ता भरल्यावर कर्ज २ कोटी १० लाख राहणार होतं. पुढच्या दोन तिमाहींचं मुद्दल २० लाख. व्याज पहिल्या तिमाहीचं ५ लाख ५१ हजार, दुसरीचं ५ लाख २५ हजार. मिळून आवश्यक रक्कम ३० लाख ७६ हजार.

आणि करारातल्या व्याख्येप्रमाणे हाती होते १६ लाख.

दादांचा प्रश्न सरळ होता. "पन्नास लाख आसत, आणि बँक म्हणता सोळाच आसत. बाकीचे खंय गेले?"

बाकीचे कुठे गेले नव्हते. पण प्रत्येक रकमेवर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. ९ लाखांवर खरेदीदाराचा: माल वेळेत गेला नाही आणि त्याने गॅरंटी वठवली तर ते पैसे त्याचे. सीसीतले १२ लाख म्हणजे बँकेचंच आणखी कर्ज. परतावा कधी येईल ते खात्याच्या हातात. पतसंस्थेतले ७ लाख खरोखर त्यांचे होते, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे; ठेव विम्याचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या ठेवींना नाही. बँकेने ती रक्कम न मोजण्यात मला काही गैर वाटत नाही. या बाबतीत कराराची व्याख्या कडक होती, पण चुकीची नव्हती.

धाकट्या भावाचा गोंधळ वेगळा होता. मार्च २०२५ च्या ताळेबंदात डीएससीआर, म्हणजे कमाई परतफेडीच्या किती पट आहे ते गुणोत्तर, १.६१ आला होता आणि बँकेची अट १.२५ ची होती. मग पैसे अपुरे कसे? निव्वळ नफा ३१ लाख, घसारा ११, मुदत कर्जाचं व्याज १६, मिळून ५८ लाख. त्याला वर्षातलं मुद्दल २० आणि व्याज १६ म्हणजे ३६ लाखांनी भागलं की १.६१ येतं. हे गुणोत्तर वर्षभराची कमाई सांगतं. कमाई डब्यांत बंद होऊन गोदामात उभी आहे की खात्यात आहे, हे ते सांगत नाही. राखीव रकमेचं कलम एका विशिष्ट दिवसाची रोख विचारतं. दोन्ही अटी एकाच पानावर असतात म्हणून लोक त्या एकच समजतात, आणि हा गैरसमज मी चांगल्या शिकलेल्या उद्योजकांमध्येही पाहिला आहे.

समोरचे पर्याय

कमी पडत होते १४ लाख ७६ हजार. त्याआधी एक भीती दूर करायची होती. घरात 'खातं एनपीए होणार' अशी चर्चा सुरू झाली होती. एसएमए (थकू लागलेलं खातं) आणि एनपीए (अनुत्पादक ठरलेलं खातं) हे वर्गीकरण थकलेल्या रकमेवर ठरतं: तीस दिवसांपर्यंत एसएमए-०, साठपर्यंत एसएमए-१, नव्वदपर्यंत एसएमए-२, त्यापुढे एनपीए. इथे हप्ता थकलाच नव्हता, ३० जूनचे १० लाख बाजूला ठेवलेले होते. राखीव रक्कम कमी असणं हा कराराचा भंग आहे, थकबाकी नाही. एवढं कळल्यावर वहिनींना दोन रात्रींनी झोप लागली असं त्या म्हणाल्या.

पहिला पर्याय मनात सगळ्यांच्याच आला होता: प्रमाणपत्रावर 'राखीव रक्कम पुरेशी आहे' असं लिहायचं आणि सोबत पन्नास लाखांची यादी जोडायची. त्यात खोटं काही नव्हतं असं धाकट्यांचं म्हणणं. पण सही 'कराराच्या व्याख्येप्रमाणे' या शब्दांखाली होणार होती. तुटवडा कबूल केला तर १५ दिवस मिळतात, चुकीचं प्रमाणपत्र दिलं तर एकही नाही. या संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात मोठा निर्णय होता, आणि तो वहिनींनी घेतला. यादी जोडायची नाही, तुटवडा लिहायचा, आणि तोही ३० जून उजाडण्याआधी बँकेला कळवायचा.

दुसरा पर्याय सीसीतून १२ लाख काढून ठेव करायची. कराराने उसना पैसा बंद केला होता, ते एक. दुसरं, खेळत्या भांडवलाचा पैसा दीर्घ मुदतीला वळवला की बँक त्याला निधी वळवणं म्हणते, आणि तो शेरा राखीव रकमेच्या तुटवड्याहून कितीतरी वाईट.

वहिनींनी दागिने गहाण ठेवायची तयारी दाखवली. मी ठामपणे नको म्हटलं. सोन्यावर कर्ज काढून ते पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत अडकवायचे, आणि व्याज घरातून भरायचं? धंद्याची जोखीम गुपचूप घरच्या तिजोरीत हलवायचा तो प्रकार होता. शिवाय तोही उसनाच पैसा.

माल स्वस्तात विकायचा पर्याय दिसायला सोपा होता. एक व्यापारी रोखीने उचलायला तयार होता, आठ टक्के कमी भावाने. पण गोदामातला प्रत्येक डबा सीसीसाठी तारण आहे. विक्रीचे पैसे आधी सीसी खात्यात जमा होणार, साठा कमी झाल्याने ड्रॉइंग पॉवर उतरणार. १५ लाखांचा माल विकला तर राखीव खात्यात जायला त्यातलं फार थोडं मोकळं राहतं. नुकसान मात्र पूर्ण आठ टक्के.

उरला बँकेशी बोलायचा मार्ग. तिथेही काय मागायचं, हा प्रश्न होताच. दादांना हप्तेच बदलून हवे होते: डिसेंबर आणि मार्चला १५-१५ लाख, सप्टेंबरला ८, जूनला फक्त २. धंद्याच्या चालीला हे अगदी शोभणारं. मी दोन कारणांनी थांबवलं.

एक म्हणजे वेळ. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या ७ जून २०१९ च्या आराखड्यानुसार कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून परतफेडीच्या अटींत सवलत दिली तर ती पुनर्रचना धरली जाते, आणि त्याचा परिणाम खात्याच्या वर्गीकरणावर होतो. तुटवड्याच्या पत्रातच हप्ते पुढे ढकलायची मागणी केली असती तर 'अडचणीत आहे' हे आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.

दुसरं कारण हिशेबाचं, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हप्ते डिसेंबरपासून असे वरखाली केले आणि व्याख्या तीच ठेवली, तर ३० सप्टेंबरला 'पुढच्या दोन तिमाही' म्हणजे डिसेंबर आणि मार्च, दोन्ही मोठे हप्ते. मुद्दल ३० लाख, व्याज १० लाख ११ हजार. राखीव रक्कम ४० लाख ११ हजारांवर जाते. म्हणजे हप्त्यांची सोय करून घेताना राखीव रकमेचा फास आवळला जातो. व्याख्या बदलून 'पुढच्या बारा महिन्यांच्या परतफेडीच्या निम्मी' अशी केली तर त्याच वेळापत्रकावर रक्कम २९ लाख ४९ हजार येते. त्यामुळे आधी व्याख्या, मग हप्ते. उलटा क्रम चालणार नाही.

काय केलं

जूनच्या मध्यावर शाखेला दोन पानी पत्र दिलं. पहिल्या परिच्छेदात तुटवड्याचा आकडा, पैशांपर्यंत. मग कारण, त्यानंतर साठ्याचं ताजं विवरण आणि खरेदीदारांच्या ऑर्डरी, शेवटी भरणा कसा होईल त्याचं वेळापत्रक. आजवर एकही हप्ता किंवा व्याज एका दिवसानेही थकलेलं नाही, हे वाक्य ठळक केलं; पुढे वरच्या कार्यालयात फाइल वाचणाऱ्याला तेच आधी दिसायला हवं होतं.

मागण्या तीन होत्या. तुटवडा भरायला ३१ डिसेंबरपर्यंत लेखी सूट. तपासणी दर तिमाहीऐवजी ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: पावसाळ्यात गरज पडली तर बँकेला आधी कळवून एका तिमाहीपुरती रक्कम राखीव खात्यातून हप्त्यासाठी वापरायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत परत भरायची मुभा.

तिसरी मागणी का? मूळ करारात राखीव रकमेतून हप्ता वळता झाला की पुढच्याच तपासणीला तो तुटवडा ठरत होता. म्हणजे ज्या दिवसासाठी पैसा राखला, त्याच दिवशी तो वापरणं हा कराराचा भंग. कोकणात मेमध्ये आगोटीची बेगमी भरतात ती पावसात खाण्यासाठी. श्रावणात डबे उघडून 'भरलेले का नाहीत' असं कोणी विचारत नाही. शाखाधिकारी स्वतः रत्नागिरीकडचे. हे त्यांना समजवावं लागलं नाही. त्यांना अडचण होती ती वरच्या कर्ज विभागाला छापील मसुद्याबाहेरची गोष्ट पटवण्याची, आणि त्यासाठी त्यांनी आमच्याकडे तीन वर्षांचे महिनावार जमा-खर्चाचे आकडे मागितले. वहिनींच्या वह्या नीट होत्या म्हणून ते दोन दिवसांत देता आले.

दंडाचा मुद्दाही निघाला. बँकेच्या पहिल्या ईमेलमध्ये संपूर्ण शिल्लक कर्जावर दोन टक्के दंडव्याजाचा उल्लेख होता. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, जे नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, व्याजदरात दंडव्याज मिळवता येत नाही. दंडात्मक आकार लावता येतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, आणि तो उल्लंघनाच्या प्रमाणात वाजवी असावा लागतो. पत्रात आम्ही याची शांतपणे आठवण दिली. भांडणाचा सूर ठेवला नाही. पुढच्या ईमेलमध्ये तो उल्लेख नव्हता.

दरम्यान पैसे जमवायचं काम चालू होतं. पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली, थोडं व्याज गेलं. ७ लाख जुलैच्या पहिल्या आठवड्यात राखीव खात्यात आले. गॅरंटीच्या मार्जिनची गोष्ट मला आवडलेली. ३६ लाखांच्या आगाऊ रकमेपैकी १८ लाखांचा माल जूनअखेर रवाना झाला होता, तरी गॅरंटी पूर्ण ३६ लाखांचीच चालू होती, कारण कमी करा असं कोणी म्हटलंच नव्हतं. खरेदीदाराचं संमतीपत्र आणलं, गॅरंटी १८ लाखांवर आली, आणि मार्जिनमधले साडेचार लाख मोकळे झाले. संमतीपत्रासाठी त्यांच्या लेखा विभागाकडे महिनाभर पाठपुरावा करावा लागला, तो धाकट्यांनी न कंटाळता केला.

काय निष्पन्न झालं

सूट ३० जूनच्या आधी ईमेलने कळवली गेली, कागद नंतर आला. अटी होत्या: वरच्या दोन रकमा जुलैअखेर भरायच्या, तोवर भागीदारांनी ठरलेल्या मासिक रकमेपेक्षा जास्त उचल करायची नाही, आणि प्रक्रिया शुल्क. दादांच्या मनाला उचलीची अट लागली. घरात लग्न ठरत होतं.

जुलैअखेर राखीव खात्यात २७ लाख ५० हजार होते. ३१ डिसेंबरला शिल्लक कर्ज १ कोटी ९० लाखांवर आलं, त्यामुळे आवश्यक रक्कमही उतरून २९ लाख ७१ हजार झाली. उरलेला फरक २ लाख २१ हजार. तोवर जीएसटी परतावा आला होता, त्यातून भरला. सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते धंद्यातूनच गेले.

करारातल्या बदलांपैकी तपासणीच्या दोन तारखा मान्य झाल्या. राखीव रक्कम वापरायची मुभाही मिळाली, पण दर वेळी आधी लेखी परवानगी घेऊन. जून संपायच्या आत परवानगी हवी असेल तर मेच्या धावपळीतच अर्ज द्यावा लागणार. मला हे अपुरं वाटतं. व्याख्येचा बदल आणि हप्त्यांचं वेळापत्रक हे दोन्ही आम्ही तेव्हा मागितलंच नव्हतं.

या सगळ्याची किंमतही आहे. ३० लाख सात टक्क्यांच्या ठेवीत आणि तेवढंच कर्ज साडेदहा टक्क्यांचं, म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वर नुसतं फरकात जातं. व्याजदराची घासाघीस पाव टक्क्यासाठी होते, आणि या खर्चाबद्दल मंजुरीच्या वेळी कोणी चकार शब्द काढत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक राखीव रकमेच्या कलमात नव्हतीच, ती पहिल्या हप्त्याआधीच्या सहा महिन्यांच्या सवलतीच्या काळात होती. यंत्रं घेतली जून २०२४ नंतर, म्हणजे त्या वर्षीचा आंबा संपल्यावर. नव्या लाइनचा पहिला हंगाम मे २०२५. पहिले तीन हप्ते, ३० लाख, नव्या यंत्राच्या डब्यांची विक्री नीट सुरू होण्याआधी जुन्या धंद्यातून गेले. सवलत वर्षभराची मागितली असती तर राखीव रक्कम भरायला पैसाही राहिला असता. प्रस्ताव करणाऱ्याने यंत्र पुरवठादाराची तारीख पाहिली, आंब्याची पाहिली नाही.

राखीव रक्कम प्रकल्प खर्चातच धरता आली असती. मोठ्या प्रकल्पांत तसं करतात. इथे ती 'नंतर बघू' या खात्यात गेली.

करारावर सही करण्याआधी व्याख्यांचं पान आणि परिशिष्ट घेऊन तासभर बसायला हवं होतं, आणि ते वाचताना समोर आपले चारही तिमाहींचे शेवटचे दिवस ठेवून प्रत्येक दिवशी हाती काय असेल ते लिहायला हवं होतं. नुसतं वाचून ३० जून खटकत नाही. आकडा मांडला की लगेच खटकतो.

बँकेबद्दलही एक गोष्ट म्हणायची आहे. कोणती रोख मोजायची, यात तिने दाखवलेला कडकपणा मला मान्य आहे. पण या कारखान्याची सीसी तीच बँक कित्येक वर्षं चालवते. दर जूनला खातं तळाला जातं हे तिच्याच पडद्यावर दिसत होतं. ती माहिती मसुदा करणाऱ्यापर्यंत पोचली असती तर भरण्याची शेवटची तारीख ३१ मार्च लिहिली गेली असती, आणि बँकेची सुरक्षितता तसूभरही कमी झाली नसती.

आणखी एक कलम सुरुवातीलाच मागायला हवं होतं: शेवटच्या दोन तिमाहींचे हप्ते राखीव रकमेतून वळते करण्याचं. ते नसेल तर कर्जदार शेवटचा हप्ताही बाहेरून भरतो आणि मग स्वतःचीच ठेव सोडवायला अर्ज करतो.

सीसीचं नूतनीकरण या एप्रिलमध्ये आहे. त्याच अर्जासोबत आम्ही दुसरं पत्र तयार केलं आहे. सगळे हप्ते वेळेत, राखीव रक्कम पूर्ण, अडचण कुठलीही नाही, अशा स्थितीत ते जाईल. त्यात पहिली मागणी बारा महिन्यांच्या निम्म्या रकमेच्या व्याख्येची आहे, दुसरी शेवटच्या दोन हप्त्यांची, आणि दादांचं १५-१५-२-८ चं वेळापत्रक तिसऱ्या क्रमांकावर. पहिली मान्य झाली नाही तर तिसरी मागे घ्यायची, हे दादांनी आकडे पाहून स्वतःच ठरवलं आहे.